ऑपरेशननंतर मॉर्फिन-ट्रॅमाडॉल पूर्ण बंदच का करत नाहीत?

कोथरूडची लेक: गेल्या महिन्यात आईचा (वय ६८) उजवा गुडघा बदलला. पाठीत भूल, झोप यावी म्हणून मिडाझोलाम आणि नंतर दुखू नये म्हणून सलाईनमधून ट्रॅमाडॉल. पहिल्या दिवसापासून उलट्या, पोट साफ नाही, आणि दुसऱ्या रात्री आई कॉटवरून पाय खाली सोडून म्हणायला लागली गाय सुटलीय, बांधून येते. अहो आमचा गोठा मोडून २० वर्षं झाली! रात्रभर हात धरून बसले मी. शेजारच्या काकूंना मांडीत ब्लॉक, म्हणजे नस बधिर करायचं इंजेक्शन, दिला होता, वर पॅरासिटामॉल, त्या दुसऱ्या दिवशी वॉकर घेऊन चालत होत्या. मग ब्लॉक आहे, गुंगी आणणारं डेक्समेडेटोमिडीन आहे, भुलीचं केटामाईन आहे, तर मॉर्फिन-ट्रॅमाडॉल ही अफूच्या जातीची औषधं हवीत कशाला?

भूलतज्ज्ञ नागपूर: ताई, वयस्कर माणसाला मिडाझोलाम जपूनच द्यावं हे मान्य. पण 'पूर्ण बंद'ला माझा विरोध आहे. डेक्समेडेटोमिडीनने नाडी मंदावते, बीपी पडतं. फ्रान्समध्ये रेमिफेन्टानिल या अफूच्याच जातीच्या औषधाच्या जागी ते देऊन अभ्यास केला, २०२१ ला छापून आला, काही पेशंटची नाडी इतकी खाली गेली की मधेच थांबवावा लागला. केटामाईनने भास होऊ शकतात, म्हणजे तुम्ही ज्याला घाबरलात तेच. आणि म्हाताऱ्या माणसाचं डोकं फक्त औषधानेच भरकटतं असं नाही, न आवरलेलं दुखणं आणि जागरण यानेही भरकटतं.

सांगलीकर: मी डॉक्टरांच्या बाजूने. तालुक्याच्या गावी वडिलांचं आतड्याचं ऑपरेशन झालं, तिथे मॉर्फिन ठेवतच नव्हते, सगळा भार डायक्लोफेनॅक या नेहमीच्या दुखण्याच्या औषधावर. टाके दुखायचे म्हणून बाबा खोकायचेच नाहीत, कफ साठला, न्यूमोनिया झाला, बारा दिवस जास्त राहिलो. अमेरिकेत घरी गोळ्या वाटून व्यसनं लागली ते वेगळं, आपल्याकडे १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थांच्या) कायद्याच्या धाकाने मॉर्फिन ठेवायलाच कुणी धजत नव्हतं, २०१४ ला कायदा सुधारून परवाना सोपा केला तरी मनातली भीती गेली नाही. मॉर्फिन ज्यातून निघतं ती अफू मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचला पिकते आणि आपला पेशंट विव्हळतो, हे बरोबर आहे का?

कोथरूडची लेक: वाचून वाईट वाटलं दादा. पण बाबांना एपिड्युरल, म्हणजे पाठीत बारीक नळी घालून बधिर करायचं औषध, मिळालं असतं तर मॉर्फिनचे डोस तरी किती लागले असते?

मुलुंड फिजिओ: मी ताईंशी सहमत. ट्रॅमाडॉलवरचा पेशंट उभा केला की चक्कर, उलटी, तो दिवस गेला, आणि गुडघा तेवढा आखडला. जांघेत द्यायचा जुना फेमोरल ब्लॉक दिला की मांडीतली ताकद जाते, पेशंट पडायची भीती, मांडीत खालच्या बाजूला द्यायच्या अॅडक्टर कॅनाल ब्लॉकमध्ये ती ताकद बरीचशी राहते, मग आम्हाला काम करता येतं.

भूलतज्ज्ञ नागपूर: बरोबर, पण त्या ब्लॉकने गुडघ्याची मागची बाजू नीट झाकली जात नाही, आणि एकदाच इंजेक्शन दिलं असेल तर असर दिवसभरात उतरतो, नेमकं रात्री दोनला दुखणं उसळतं. तेव्हा सिस्टरच्या हातात काय द्यायचं ते सांगा!

कोथरूडची लेक: नवीन गोळी आहे ना? सुझेट्रिजीन, जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली, मेंदूवर नाही तर दुखण्याच्या नसांवरच काम करते.

भूलतज्ज्ञ नागपूर: हो, आशा आहे तिच्याकडून. पण मंजुरीच्या मुख्य चाचण्या पायाच्या अंगठ्याच्या हाडाच्या आणि पोटाची चरबी-कातडी काढायच्या ऑपरेशनवर झाल्या. गुडघा बदलल्यावरचं दुखणं वेगळं असतं हो.

कोथरूडची लेक: दिवाळीनंतर डावा गुडघा आहे. भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशी भेटून सांगणार, ब्लॉक पुढून-मागून दोन्हीकडून द्या, पॅरासिटामॉल दुखायची वाट न बघता वेळेवर द्या, मिडाझोलाम नको, ट्रॅमाडॉल नको. रात्रीच्या दोनसाठी मॉर्फिनचा छोटा डोस केस पेपरवर लिहून ठेवा म्हणेन, एवढं मात्र तुमचं ऐकते. पण पहिलं औषध म्हणून नाही, ते मला अजूनही पटत नाही.