सत्ता बदलते, पण सरकारचा पसारा कमी का होत नाही?

प्रश्न
खर्च कमी करू म्हणणारे निवडून येतात आणि मुदत संपेपर्यंत खाती, मंडळं वाढलेलीच दिसतात. मतदानावरचा विश्वासच उडत चालला आहे. मताने हे बदलू शकतं का? आणि पसारा मोजायचा कसा?

प्रतिसाद १
आधी मोजणी. कर्मचाऱ्यांच्या संख्येवर जाऊ नका. काम कंत्राटावर दिलं की संख्या घटते आणि तोच खर्च पगाराऐवजी दुसऱ्या शीर्षाखाली जातो. सर्व स्तरांच्या सरकारांचा एकूण खर्च घ्या, त्यातून त्यांनी एकमेकांना दिलेली अनुदानं वजा करा (नाहीतर तोच पैसा दोनदा मोजला जातो) आणि जीडीपीने भागा. मंदीत जीडीपी आक्रसतो, त्यामुळे खर्च तेवढाच असूनही प्रमाण फुगतं. एका वर्षावरून निष्कर्ष काढू नका.

मताचं म्हणाल, तर व्याज, पेन्शन आणि कायद्याने बांधलेले लाभ कोणीही आलं तरी द्यावेच लागतात. उरलेल्या रकमेवरही वाद होतो तो गेल्या वर्षीच्या आकड्यात किती भर घालायची एवढाच. मूळ आकडा कोणी तपासत नाही. त्यात योजनेचा फायदा मोजक्यांना भरघोस मिळतो, भार मात्र सगळ्यांवर थोडाथोडा पडतो. योजना बंद करायची म्हटलं की लाभार्थी एकवटतात, करदाते नाही.

प्रतिसाद २
म्हणूनच माणसांपेक्षा नियमांसाठी आग्रह धरायला हवा. टेक्सासमध्ये १९७७ पासून मुदतसमाप्तीचा कायदा आहे. बहुतेक संस्थांचा साधारण दर १२ वर्षांनी आढावा होतो आणि विधिमंडळाने मुदत वाढवली नाही, तर संस्था बंद होते. टिकवायची असेल, तर मत द्यावं लागतं. सगळा फरक इथे आहे.

प्रतिसाद ३
मुदतसमाप्ती चांगली, पण एकटी अपुरी. आढाव्यासाठी माहिती पुरवते ती संस्थाच, म्हणून मुदतवाढ सहज मिळून जाते. एकूण खर्चावरच मर्यादा हवी. स्वित्झर्लंडमध्ये २००१ च्या सार्वमतात सुमारे ८५ टक्के मतदारांनी 'कर्जाचा ब्रेक' मंजूर केला. २००३ पासून तो लागू आहे. सूत्र साधं आहे: अपेक्षित महसुलाला अर्थचक्राच्या गुणकाने गुणायचं, तीच खर्चाची कमाल मर्यादा. मंदीत गुणक १ च्या वर जातो, तेजीत खाली. पळवाट 'असाधारण खर्चा'ची. पण त्यासाठी दोन्ही सभागृहांत एकूण सदस्यसंख्येचं बहुमत लागतं. मात्र यातून तूट आवरते, कर वाढवून पसारा वाढवायला हा नियम आड येत नाही. ते रोखायला तिथल्या मतदारांकडे वेगळं हत्यार आहे: संसदेने केलेल्या कायद्याविरुद्ध १०० दिवसांत ५०,००० सह्या जमल्या की सार्वमत घ्यावंच लागतं.

प्रश्नकर्त्यांना सुचवेन, उमेदवाराला 'खर्च कमी करणार का' असं विचारू नका, सगळे हो म्हणतील. कोणत्या कायद्यातलं कोणतं कलम रद्द करणार, ते विचारा.