मदत हवी आहे: सायकलला कुलूप कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी. मी रोज ऑफिसला सायकलनेच जाते, येऊन-जाऊन १४ किलोमीटर. गेल्या आठवड्यात संध्याकाळी खाली आले, तर खांबाला कुलूप जसंच्या तसं आणि त्यात अडकलेलं फक्त पुढचं चाक. बाकी सायकल गायब! चाकाला क्विक रिलीज होतं. खटका उघडला की चाक सुटून येतं, हे माहीत असूनही घाईत फ्रेम अडकवली नव्हती. अजून जीव हळहळतो. फ्रेमचा नंबर (बहुतेक सायकलींना दोन्ही पेडलच्या दांड्यांच्या मधोमध, फ्रेमच्या खालच्या बाजूला कोरलेला असतो) लिहून ठेवला होता, म्हणून तक्रार तरी नीट देता आली.

आता दुसरी सायकल घेतेय. केबलचं कुलूप कटरने पटकन तुटतं, ते नकोच. यू-लॉक (यू आकाराच्या पोलादी दांड्याचं कुलूप) बरं की जाड साखळी? मागचं चाक आणि फ्रेम एकत्र अडकवायला यू-लॉक केवढं लागतं? रोज नेणाऱ्यांनी वजनाचं कसं जमवता तेही सांगा.

आणखी एक. उभ्या गाडीचं दार अचानक उघडेल म्हणून मी मीटरभर अंतर ठेवून चालवते, पण मागचे हॉर्न वाजवून नकोसं करतात. अरुंद रस्त्यावर तुम्ही काय करता?