नाथाभाऊंची २९ वर्षं: मतदारसंघाच्या पदरात काय पडलं?

जुना एदलाबादी
परवा ट्रंक आवरताना आजोबांचं रेशनकार्ड सापडलं. त्यावर तालुका 'एदलाबाद'. मुक्ताईनगर नाव पडून इतकी वर्षं झाली, तरी आमच्या घरात तोंडी एदलाबादच. त्यावरून जेवताना वाद पेटला, तोच इथे टाकतो.

१९९० ते २०१९ नाथाभाऊ म्हणजे एकनाथ खडसे इथून भाजपचे सलग ६ वेळा आमदार. त्यांच्याआधी याच मतदारसंघातून प्रतिभाताई पाटील निवडून जायच्या, पुढे राष्ट्रपती झाल्या. माणसं इथून मोठी झाली, ते कोण नाकारतंय? माझं म्हणणं असं की नाथाभाऊ विरोधात असताना जेवढे कामाचे होते, तेवढे सत्तेत दिसले नाहीत. २००९ ते २०१४ विरोधी पक्षनेते होते तेव्हा त्यांचं भाषण ऐकायला आम्ही टीव्हीसमोर बसायचो. मग २०१४ ला महसूल आणि कृषी अशी खाती मिळाली, आणि जून २०१६ ला राजीनामा. दोन वर्षंही धड झाली नाहीत.

केळीवाला, रावेर
राजीनामा पुण्याजवळच्या भोसरीच्या जमीन खरेदीच्या आरोपांवरून झाला आणि ते आरोप त्यांनी कायम नाकारले, हेही लिही ना भो. अर्धंच कशाला?

आणि १९९५ चं युती सरकार विसरला का? अर्थ खातं, पाटबंधारे खातं त्यांच्याकडे होतं. तापी पाटबंधारे विकास महामंडळ १९९७ ला झालं, मुख्यालय जळगावला. नाहीतर सिंचनाच्या फायलीमागे आपण नाशिक-मुंबईच्या चकरा मारत बसलो असतो. दुसरं म्हणजे, ज्या भाजपला लोक शेटजी-भटजींचा पक्ष म्हणून हसायचे, तो आमच्या लेवा समाजातल्या शेतकऱ्याच्या ओट्यावर कोणी आणून बसवला?

बोदवडकर
मुख्यालय जळगावला आलं, पाणी कुठंय?

बोदवड उपसा सिंचन योजनेचं नाव मी कॉलेजात असताना ऐकायचो, आता पोरगं कॉलेजात आहे. आमच्या अंगणात दोन निळे ड्रम आहेत, त्यातल्या एकाच्या झाकणाला वडलांनी साखळी घालून कुलूप लावलंय. दागिन्याला नाही, पाण्याला! पाहुणे हसतात. चावी आईच्या कमरेला. माझ्या लग्नात सासरच्यांनी पहिला प्रश्न विचारला होता, पाणी कितव्या दिवशी येतं. ज्याच्याकडे पाटबंधारे खातं होतं त्याच्याच मतदारसंघात ही गत. मग महामंडळाच्या पाटीचं मी काय करू?

केळीवाला, रावेर
एकट्या आमदाराच्या हातात सगळं सिंचन नसतं. सगळा हिशेब त्यांच्या नावावर नको. बाकी ड्रमचं खरंय, माझी बहीण तिकडेच दिलीय.

बोदवडकर
बरं, एकट्याचं काम नाही हे मान्य. पण आमदार म्हणून २०१९ पर्यंत होतेच की.

धुळेकर
आमना धुयाले काय भेटनं ते बी इचारा! तुमचं भांडण मुक्ताईनगर-बोदवडच्या पुढे जातच नाही. महाराष्ट्राला आजवर खान्देशातून एकही मुख्यमंत्री मिळाला नाही. २०१४ ला ज्यांचं नाव घेतलं जात होतं त्यात नाथाभाऊ होते, आणि त्यांच्याच जळगाव जिल्ह्यातल्या गटबाजीची भांडणं आपण चवीने चघळत बसलो.

जुना एदलाबादी
ते दुःख मलाही आहे. पण २०१९ बघा. त्यांना तिकीट नाकारलं, त्यांच्या मुलीला, रोहिणीताईंना दिलं, त्या दोन हजारांच्या आतल्या फरकाने पडल्या. २०२४ ला पक्ष बदलून उभ्या राहिल्या, पुन्हा पडल्या. २९ वर्षांची बांधणी म्हणता, तर ती माणसाभोवती होती, संघटनेची नव्हती.

केळीवाला, रावेर
मग रक्षाताई रावेरमधून तीनदा खासदार झाल्या त्या कशाच्या जोरावर? सासरे २०२० ला राष्ट्रवादीत गेले, सून भाजपमध्येच राहिली आणि आता केंद्रात राज्यमंत्री आहे.

धुळेकर
एका घरात दोन पक्ष, आमच्याकडे दोन चुली झाल्या तरी गावभर बोभाटा होतो 😄

बोदवडकर
केळीवाला, तुझ्या मुद्द्याला उत्तर आहे माझ्याकडे, पण नळ आलेत. नऊ दिवसांनी. भरून येतो.