लोचची पोटं खपाटीला, वेफर मात्र पडून कुजतो: तळाच्या माशांना काय घालावं?

वाळूतळ (प्रश्न)

मत्स्यालयाची टाकी १२० लिटर, तापमान २६ अंश, तळाला बारीक वाळू. तळाशी राहणारे, मिशा असलेले लोच मासे: ६ कूली आणि ४ योयो. वर १५ टेट्रा (लहान मासे). सकाळ-संध्याकाळ फ्लेक्स (तरंगणारे खाद्याचे पापुद्रे) आणि रात्री तळासाठी एक आल्गी वेफर (शेवाळाची बुडणारी टिकली), असं सध्या चालू आहे. फ्लेक्स टेट्रा वरच्या वर फस्त करतात. वेफर सकाळपर्यंत फुगून पसरतो आणि त्यावर पांढरी बुरशी धरते. योयो अंगानं भरलेत, पण दोन कूलींची पोटं आत गेली आहेत. पाण्यातले विषारी अमोनिया आणि नायट्राइट शून्य. खाद्य वाढवू की बदलू? किती आणि कधी घालावं?

मिशीवाला

वाढवू नका, बदला. आल्गी वेफर हा प्लेकोसारख्या खरवडून खाणाऱ्या माशांचा खुराक. लोच मिशांनी वाळू चाचपत अळ्या, किडे आणि बारीक कवचधारी जीव टिपतात. कूली तर वाळूचा घास घेतात, खाण्याजोगं ठेवतात आणि वाळू कल्ल्यांतून सोडून देतात. एवढ्याशा तोंडाला टणक वेफर कामाचा नाही. तो विरघळेपर्यंत योयोंनी मधला भाग उचललेला असतो.

रोजचं खाद्य म्हणून बुडणारे पेलेट (खाद्याचे दाणे) घ्या, कूलींना १ मि.मी.चे आणि योयोंना २-३ मि.मी.चे. घटकांच्या यादीत मासळीचं पीठ, कोळंबी किंवा अळ्या पहिल्या हव्यात. गहू पहिला असेल तर ते पाकीट घेऊ नका. प्रथिनं ४० टक्क्यांच्या आसपास असावीत. उघडलेल्या डब्यातलं क जीवनसत्त्व लवकर जातं, म्हणून लहान पॅक घ्या.

आता वेळ. दिवे मालवायच्या आधी टेट्रांना टाकीच्या एका टोकाला खाऊ घाला. अर्ध्या तासानं, अंधारात, त्याच बाजूला योयोंचे मोठे पेलेट टाका. योयो तिथे गुंतले की दुसऱ्या टोकाला कूलींचं खाद्य नळीतून सोडा. कडक पारदर्शक नळी, आतून दीड सें.मी. रुंद, वाळूला जवळजवळ टेकवून धरायची. तेवढी १० मिनिटं फिल्टर बंद ठेवा, नाहीतर दाणे प्रवाहात उडतात. परत चालू करायची आठवण मोबाइलवर लावाच, कारण बंद फिल्टरमधल्या, पाणी शुद्ध ठेवणाऱ्या जिवाणूंना प्राणवायू मिळत नाही.

योयो तरीही धावून येतात. त्यावर उपाय म्हणजे मातीची कुंडी पालथी घालून काठाला १२ मि.मी.ची खाच पाडायची, कडा पॉलिश पेपरनं गुळगुळीत करायच्या आणि खाद्य कुंडीच्या तळाच्या भोकातून आत सोडायचं. कूली सहज शिरतात, वाढलेले योयो बाहेर राहतात. योयो अजून ५ सें.मी.च्या आतले असतील तर हे करू नका, ते खाचेत अडकू शकतात.

सुरुवात प्रत्येक कूलीमागे ४-५ दाण्यांनी करा. दोन तासांनी लाल टॉर्चनं बघा. दाणे उरले असतील तर एक तृतीयांश कमी करा.

घासपूस

वरच्या सगळ्याला दुजोरा, पण नुसत्या पेलेटवर ठेवू नका. आठवड्यातून दोनदा फ्रोझन ब्लडवर्म (लाल अळ्या) आणि एकदा डॅफ्निया किंवा ब्राइन श्रिम्प (दोन्ही बारीक कवचधारी जीव) द्या. वाटीभर टाकीच्या पाण्यात विरघळवा, बारीक जाळीतून गाळा, लाल पाणी फेकून द्या आणि ड्रॉपरनं थेट कुंडीत सोडा. फ्रीझ-ड्राइड ब्लडवर्म तरंगतो, त्यामुळे आधी १० मिनिटं भिजवावा लागतो. त्याच्या भुकटीची काहींना चांगलीच ॲलर्जी येते, हुंगू नका. जिवंत ट्युबिफेक्स (बारीक लाल कृमी) टाळा. ते घाण पाण्यात वाढतात आणि रोग सोबत आणतात.

घरी जेलसारखं गोठवलेलं खाद्य करणार असाल तर जिलेटिनपेक्षा आगर (समुद्री शेवाळाची पूड) घ्या. २८-३० अंशांच्या टाकीत जिलेटिन मऊ पडतं, आगर टिकतं. १०० मि.लि. पाण्यात २ ग्रॅम आगर दोन मिनिटं उकळा, ५०-५५ अंशांपर्यंत निववा आणि मग १०० ग्रॅम कोळंबी, ३० ग्रॅम उकडलेला पालक व सोललेले मटार यांची पेस्ट घाला. फार थांबलात तर आधीच गोठतं, म्हणून पेस्ट तयार ठेवा. कोळंबी मिनिटभर उकळूनच वाटा. कच्च्या कोळंबीत थायामिनेज असू शकतं, ते ब-१ जीवनसत्त्व मोडतं. पिशवीत ३ मि.मी. जाड थर पसरून फ्रीझ करा आणि नखाएवढे तुकडे मोडून वापरा.

योयोंना लहान गोगलगायी मेजवानीच, शंखातून ओढून काढतात. फक्त ओढ्या-तळ्यातल्या घालू नका, परजीवी येतात. आणि हो, योयो १२ सें.मी.च्या पुढे जातात. चौघांना १२० लिटर पुढे अपुरं पडेल.

वाळूतळ

कुंडी करतो. काकडी चालेल का? आणि त्या दोन कूलींचं वेगळं काही करावं लागेल?

निरीक्षक

काकडी म्हणजे बहुतेक पाणीच. झुकिनीची १ सें.मी. जाड चकती दोन मिनिटं उकळून, थंड करून स्टीलच्या काट्यात खोचून ठेवा आणि सकाळी काढा. कूली तिच्याकडे फारसे वळणार नाहीत, योयो कुरतडतील.

त्या दोघांना महिनाभर नीट खाताना बघा. अंग भरलं तर प्रश्न खाण्याचाच होता. खाऊनही पाठ सुरीसारखी धारदार राहिली किंवा विष्ठा पांढरी आणि दोऱ्यासारखी आली, तर आतड्यात कृमी असण्याची शक्यता आहे. गोलकृमींवर लेव्हामिसोल हे औषध चालतं, २ मि.ग्रॅ. प्रति लिटर, अंधारात २४ तास. ते कृमींना मारत नाही, लुळं पाडतं. म्हणून लगेच वाळू सायफन करून (नळीनं तळाची घाण ओढून) मोठा पाणीबदल करायचा, नाहीतर सुटलेले कृमी मासे परत खातात. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा. प्राझिक्वांटेल पट्टकृमींसाठी आहे, गोलकृमींवर त्याचा भरवसा धरू नका. तांबं असलेली औषधं लोचना सोसत नाहीत, त्यांचे खवले अगदी बारीक असतात.

शक्य असेल तर दोघांना वेगळ्या २० लिटरच्या टाकीत ठेवा. वाळूचा थर, स्पंज फिल्टर आणि लपायला पाइपचे तुकडे एवढं पुरे. तिथे दिवसातून दोनदा थोडं-थोडं घाला. कोण किती खातोय ते तिथेच नीट कळेल. एकट्याला मात्र वेगळं काढू नका. कूली एकटा पडला की दडून बसतो आणि खाणंच सोडतो.