नवी ९११ जीटीएस पहिल्याच लॉटमधली घ्यावी का?

घाटवेडा: माझं स्पष्ट मत, घेऊ नये. मे २०२४ मध्ये पोर्शेने आपल्या ९११ या स्पोर्ट्स कारचं जीटीएस मॉडेल हायब्रिड केलं, म्हणजे पेट्रोल इंजिनाला विजेची जोड दिली. ३.६ लिटरचं नवं इंजिन, एकच टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा) आणि त्यात विजेची मोटर, गिअरबॉक्समध्ये दुसरी मोटर, वर ४०० व्होल्टची यंत्रणा. ५४१ पीएस (मेट्रिक अश्वशक्ती) ऐकायला झकास वाटतात, पण सगळंच एकदम नवं! याच ९११ च्या तेव्हाच्या नव्या जीटी३ मॉडेलने २०१४ मध्ये पेट घेतला होता. कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला जोडलेल्या दांड्यांचे) बोल्ट सैल व्हायचे, क्रँककेस म्हणजे इंजिनाचं कवच फुटायचं आणि बाहेर उडालेलं तेल पेटायचं. ७८५ गाड्यांची इंजिनं बदलावी लागली.

दुहेरी_क्लच: बदलून दिली ना पण? डागडुजीवर भागवलं नाही. पुढे त्याच इंजिनांत व्हॉल्व्हकडच्या भागांची झीज दिसली, तेव्हा अमेरिकेत इंजिनाची वॉरंटी १० वर्षं किंवा १,२०,००० मैलांपर्यंत वाढवली. आणि थांबून तरी काय मिळतं? ९९६ ही जुनी पिढी आठवा. पाण्याने थंड होणारी पहिली ९११. तिच्या इंटरमीडिएट शाफ्टचं, म्हणजे इंजिनातल्या एका फिरत्या दांड्याचं, बेअरिंग तुटलं की अख्खं इंजिन भंगारात. सुरुवातीच्या गाड्यांत दुहेरी रांगेचं दणकट बेअरिंग होतं. २००० च्या सुमारास एकेरी रांगेचं आलं आणि जास्त गेलं तेच. म्हणजे थांबलेल्यांच्याच पदरी वाईट भाग पडला.

जर्सीकर: ९९६ चा मुद्दा बिनतोड, पण तो अपवाद. इथे अमेरिकेत २०२० ची कॉर्व्हेट ही शेव्हरोलेची स्पोर्ट्स कार बघा, इंजिन मागे नेलेली पहिलीच. किल्लीवरचं बटण चुकून दाबलं गेलं तरी पुढच्या डिकीचं झाकण सुटायचं. धावत्या गाडीत ते उलटं काचेवर आलं की समोरचा रस्ताच दिसेनासा होतो. मग सॉफ्टवेअर आलं: झाकण उघडं असेल तर ताशी २६ मैलांपुढे गाडी जाणार नाही. हा धोका पहिल्या गिऱ्हाइकांनी का झेलायचा?

घाटवेडा: अगदी हेच. वॉरंटीने पैसे वाचतात, जीव नाही. मी साधी करेरा, म्हणजे ९११ चं मूळ मॉडेल, घेईन.

दुहेरी_क्लच: ती पण २०२४ लाच बदलली की!

घाटवेडा: बदलली, पण तीन लिटरचं ट्विन टर्बो इंजिन आधीचंच आहे. टर्बो मागच्या जीटीएसचे, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) ९११ टर्बो या मॉडेलवरून घेतलेला. हे भाग लोकांनी आधीच रस्त्यावर पिळून काढलेत.