मल्याळम सिनेमा सुचवा : कलाकाराची गोष्ट + प्रेम, आईसोबत बघायचाय

मेघना_के
रविवारी आई येतेय. मागच्या खेपेला तिला 'कुंबळंगी नाइट्स' दाखवला, तेव्हापासून मल्याळमचं वेड लागलंय. आता फर्माईश अशी की कलाकाराची गोष्ट हवी आणि त्यात प्रेमही हवं. लग्नाआधी ती नाट्यसंगीत गायची, त्यामुळे गाणं-नाच असेल तर उत्तम.
अटी : अडीच तासांच्या आसपास (मान अवघडते). इंग्रजी सबटायटल्स चालतील. शेवटी कोणी मरायला नको. नवीन सबस्क्रिप्शन घेणार नाही, जी दोन आहेत ती मुलंच वापरतात.

रानवारा
वानप्रस्थम् (१९९९). डोळे झाकून लावा. शाजी करुण यांचं दिग्दर्शन, मोहनलाल कथकळी नट, सोबत सुहासिनी, संगीत झाकीर हुसेन यांचं. सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि सर्वोत्कृष्ट अभिनेता, दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार. मी डीव्हीडी घेऊन ठेवली होती, मेहुण्याने नेली ती नेलीच.

कट्टाबहाद्दर
हृदयम्!! पंधरा गाणी आहेत. आमच्याकडे ७५ इंची टीव्हीवर बघितला, साउंडबार लावून. साउंडबार नसेल तर आधी तो घ्या, नाहीतर मजा नाही.

मेघना_के
@कट्टाबहाद्दर तो जवळजवळ तीन तासांचा आहे ना? आणि टीव्ही विचारला नव्हता :)

कट्टाबहाद्दर
तीन तास कळत पण नाहीत. नायक शेवटी फोटोग्राफर होतो, म्हणजे कला आलीच की.

कोकणी_फणस
मराठीत काय कमी आहे? कट्यार आहे, बालगंधर्व आहे, नटरंग आहे. उठसूट केरळ कशाला?

मेघना_के
कट्यार आईला पाठ आहे. आमच्यासकट.

शेवग्याची_शेंग
कमलदळम् (१९९२). लोहितदास यांची पटकथा, सिबी मलयिल यांचं दिग्दर्शन. मोहनलाल एका कलाशाळेत नृत्यशिक्षक, बायको गेल्यावर दारूच्या आहारी गेलेला, त्याच्यावर जीव लावणारी शिष्या मोनिशा. शेवटच्या नाचात विष अंगात भिनत असतानाही तो थांबत नाही, तो प्रसंग तर केवळ...

रानवारा
अहो ताई! शेवट सांगून टाकलात!

शेवग्याची_शेंग
तीस वर्षांच्या वर झाली सिनेमाला. आणि वानप्रस्थम् मध्ये काय सगळे सुखाने नांदतात का?

मेघना_के
म्हणजे दोन्हीकडे मरतात. बरं झालं कळलं.

बदलीवाला
बँकेच्या बदलीमुळे त्रिशूरला होतो, म्हणून थोडं लिहितो. वानप्रस्थम् लावणार असाल तर एक गोष्ट माहीत असू द्या. कथकळीत नट तोंडाने बोलत नाही. मागे दोन गायक पदं म्हणतात, हा हातांनी आणि डोळ्यांनी बोलतो. पापणीखाली एक बारीकसं बी ठेवतात, त्याने डोळे लालभडक होतात. हनुवटीभोवतीची पांढरी कड चढवून घ्यायला नट जमिनीवर उताणा पडून राहतो, रंगवणारा त्याच्या डोक्याशी बसलेला. मंदिराच्या उत्सवात पडद्याआड हे बघत बसलो होतो, खेळ सुरू होईपर्यंत मलाच झोप लागली. सांगायचं कारण, नायकाची व्यथा त्या रंगाखालीच आहे. सुभद्रा नावाची बाई त्याने रंगवलेल्या अर्जुनावर भाळते. रंग पुसल्यावर समोर उरतो त्या माणसाशी तिला काही देणंघेणं नाही.

कट्टाबहाद्दर
एवढं वाचून जर सिनेमा बघायचा तर परीक्षाच द्यावी.

नाट्यवेडी
@मेघना_के आई नाट्यसंगीत गायची म्हणालीस ना? मग वानप्रस्थम्च लाव. सुभद्रा-अर्जुन म्हणजे आपलं किर्लोस्करांचं सौभद्रच की, १८८२ पासून चालत आलेलं. फरक इतकाच की आपल्याकडे सुभद्रेला अर्जुन मिळतो आणि इथे त्या पात्राच्या प्रेमात पडलेली बाई नटाला त्याच्या मुलाचं तोंडसुद्धा बघू देत नाही. आईला सौभद्राची पदं येत असतील तर हा सिनेमा तिला माझ्या-तुझ्यापेक्षा जास्त कळेल.

रानवारा
+१. मी पहिल्यांदाच सांगितलं होतं.

कोकणी_फणस
झाकीरभाई आपल्या मुंबईचेच, तेवढ्यासाठी बघा मग.

सदाशिवपेठी
अवांतर : 'सेल्युलॉइड' (२०१३) कोणालाच आठवू नये? मल्याळममधला पहिला चित्रपट काढणाऱ्या जे. सी. डॅनियल यांच्यावर आहे, पृथ्वीराजने काम केलंय. त्यात पी. के. रोझी या दलित नटीने नायर या वरच्या जातीतल्या स्त्रीची भूमिका केली म्हणून लोक तिच्यावर उठले, तिला गाव सोडावं लागलं. बाकी ओटीटीचं बोलू नका. मी एका सिनेमासाठी वर्षाचे पैसे भरले, आठवड्यात सिनेमा गायब. ग्राहक सेवेला फोन केला तर मलाच विचारतात, कुठला सिनेमा?

पापड_पोहे
शेवट गोड हवा असेल तर उदयनाणु तारम् (२००५). मोहनलाल सहाय्यक दिग्दर्शक. वर्षानुवर्षं उराशी धरलेली पटकथा त्याचा मित्र श्रीनिवासन ढापतो आणि सुपरस्टार होतो. बायको मीना, तीही नटी, संसार मोडतो. तरी हसून पोट दुखतं. अडीच तासांच्या थोडा वर जातो.

रानवारा
छे! शास्त्रीय कलेविषयी विचारलंय. आणि याचा हिंदी 'शॉर्टकट' आठवतोय ना? त्यानंतर मूळ बघायची हिंमत झाली नाही.

पापड_पोहे
न बघताच छे? धन्य.

मेघना_के
सगळ्यांचे आभार. धागा आईला वाचून दाखवला. सौभद्राचं ऐकून खूश झाली, दोन पदं फोनवर गायली, मग म्हणाली, "माझ्या सुभद्रेचं लग्न लागतं. हिचं वाटोळं बघायला मी रविवारी एवढा प्रवास करून येऊ?" तेव्हा उदयनाणु तारम् ठरला. मध्यंतराला वरण-भात. वानप्रस्थम् मी एकटी बघेन, @बदलीवाला यांची पोस्ट जपून ठेवलीय.

नाट्यवेडी
कोणती पदं गायली तेवढं तरी सांग!

हौशी_प्रेक्षक
धागा पूर्ण वाचला नाही. वानप्रस्थम् कोणी सुचवला का?