१२०ला किती पर्सेंटाइल? ५ मेच्या गणितावरून डोकेफोड

मागचा_बाक
ज्यांच्या कानावर नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. २०२५च्या एमएचटी-सीईटीत (इंजिनिअरिंग प्रवेशाची राज्याची परीक्षा; आमचा गट पीसीएम, म्हणजे फिजिक्स-केमिस्ट्री-मॅथ्स), २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या इंग्रजी पेपरात २१ प्रश्नांचे पर्यायच चुकले होते. परीक्षा घेणाऱ्या सीईटी सेलने त्या सत्रातल्या २७ हजारांवर मुलांची ५ मेला फेरपरीक्षा घेतली. त्या २७ हजारांत मी.

तर फेरपरीक्षेचं गणित मला पहिल्यापेक्षाही जड गेलं. इंटिग्रेशनच्या एका प्रश्नाशी झटत बसलो आणि वर घड्याळ बघितलं तर सहा मिनिटं गेलेली. ५० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एकाला दोन मिनिटंसुद्धा नाहीत. शेवटचे अकरा प्रश्न वाचलेच नाहीत, सरसकट तिसरा पर्याय दाबत सुटलो. निगेटिव्ह मार्किंग नाही, सोडायचं कशाला?

उत्तरतालिका यायची आहे, पण माझा अंदाज गणित ५८, फिजिक्स-केमिस्ट्री मिळून ६२. एकूण २००पैकी १२०. माझं म्हणणं, पेपर कठीण होता तर १२०ला ९६ कुठे गेले नाहीत. ग्रुपवर सगळे ९३ वर अडून बसलेत. बोला.

निवृत्त_गणितवाले
पेपर कठीण होता हे ठरवलं कुणी? तुला जड गेला, एवढंच आपल्याला माहीत आहे. पर्सेंटाइलला पेपरशी देणंघेणं नसतं. तुझ्या सत्रात तुझ्याइतके किंवा तुझ्याहून कमी गुण असलेली मुलं किती, भागिले सत्रातली एकूण मुलं, गुणिले १००. संपलं. सगळ्यांनाच जड गेला असेल तर १२०ला ९७ही पडतील. तुलाच जड गेला असेल तर ९१.

आणि ते अकरा प्रश्न. चार पर्यायांत आंधळा दगड मारला तर अकरात सरासरी पावणेतीन लागतात. तू किती धरलेस?

कोपरगाव_एक्सप्रेस
सर, सूत्र सगळ्यांना पाठ आहे. पण अंदाज बांधूच नये हे पटत नाही. आमच्या केंद्रावरून बाहेर पडलेली मुलं बघितलीत का? गेटवर एकही जण पर्याय जुळवत नव्हता. एरवी गेटबाहेर पाच मिनिटांत अख्खा पेपर सोडवून होतो. चाळीस मुलं गप्प उभी असतील तर पेपर कठीण होता हे सांगायला सूत्र कशाला लागतं?

निवृत्त_गणितवाले
चाळीस मुलं. सत्रात २७ हजार. आणि ग्रुपवर आकडे टाकतात कोण? ज्यांना सांगण्यासारखं काही आहे ते. ७० वाला कशाला सांगायला येतोय? म्हणून ग्रुपवर प्रत्येकाला आपण तळाशी आहोत असं वाटतं. ग्रुपवरचे ९३ आणि तुमच्या गेटवरचे ९६, दोन्ही सारखेच हवेतले.

दोन_मार्कांचा_धनी
मुद्दा भलतीकडेच चाललाय. आमचं सत्र इतरांसारखं नाही, ते कुणी बोलतच नाही. दोन गोष्टी.

एक, आम्हाला आठ दिवस जास्त मिळाले. लोक म्हणतात मजा आहे तुमची. कसली मजा? ते आठ दिवस सत्रातल्या सगळ्यांनाच मिळाले आणि आमची तुलना आमच्याशीच होणार. सगळेच दोन पावलं पुढे सरकले तर रांगेत माझा नंबर तोच.

दोन, गैरहजर. वैतागून कितीतरी जण फेरपरीक्षेला फिरकले नसतील, आणि न फिरकणारे शक्यतो तळातले. समजा २७ हजारांत माझ्यापुढे हजार जण. माझे ९६.३०. आता तळातले तीन हजार आलेच नाहीत. माझ्यापुढे तेच हजार, पण एकूण २४ हजार. झाले ९५.८३. पेपर तोच, गुण तेच, जवळजवळ अर्धा पर्सेंटाइल गेला. पीसीएमला चार लाखांवर मुलं बसतात, म्हणजे अर्ध्या पर्सेंटाइलला दोन हजारांच्या वर नंबर मागे. चूक पेपर काढणाऱ्यांची, भुर्दंड आम्हाला.

कोपरगाव_एक्सप्रेस
हे 'समजा' फार सोयीचं आहे. उलटंही समजा ना. वरचे हजार जण जेईईत बरे गुण पडले म्हणून आले नाहीत, मग तुझे थेट १००! आणि फेरपरीक्षा नको होती तर काय हवं होतं? २१ प्रश्नांचे, प्रत्येकी दोन म्हणजे ४२ गुण, सगळ्यांना फुकट वाटायचे? ज्याने मराठीतून पेपर दिला त्याने काय करायचं होतं?

दोन_मार्कांचा_धनी
फेरपरीक्षा नको असं मी कुठे म्हटलं? तिचा हिशोब वेगळा धरा म्हणतोय.

निवृत्त_गणितवाले
गैरहजेरीचा मुद्दा बिनतोड आहे, दाद देतो. सत्रांमधली मुलं साधारण सारख्या ताकदीची आहेत हे गृहीत धरूनच सगळी पद्धत उभी आहे. चिठ्ठ्या टाकून वाटलेली सत्रं असतील तर ते चालून जातं. गळती तळातूनच झाली असेल तर तिथे फट पडते. पण किती गळती झाली हा आकडा तुझ्यापाशी नाही, माझ्यापाशीही नाही.

मुलाची_आई
तुम्हा सगळ्यांचं वाचतेय. सरांचं बरोबर असेल, पण अंदाज बांधू नका हे म्हणणं आम्हाला परवडत नाही. एका खासगी विद्यापीठाने जागा धरून ठेवायला ५० हजार मागितलेत, आठवड्यात भरायचे, परत मिळणार नाहीत. निकाल जूनमध्ये. मग आम्ही कशाच्या जोरावर ठरवायचं? रात्री दीडला मुलाच्या खोलीत दिवा. बघितलं तर हा वहीच्या मागच्या पानावर ११६, ११८, १२०, १२२ असे आकडे लिहून पुढे पर्सेंटाइल खोडतोय, परत लिहितोय. क्लासवाल्यांनी मार्क्स-पर्सेंटाइलचा तक्ता पाठवला. त्यात ११० ते १३०च्या पुढे '९३ ते ९८' लिहिलंय. असा तक्ता तर मीही काढला असता.

तिसऱ्या_वर्षाचा
काकू, मी यातून गेलोय. ५० हजार भरायच्या आधी गेल्या वर्षीच्या कॅप राउंडच्या (सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या) कटऑफ याद्या काढा, सीईटी सेलच्या साइटवर असतात. एका अंदाजावर थांबू नका. ९३ पडले तर कुठे आणि ९६ पडले तर कुठे, अशा दोन याद्या करा. दोन्हींत त्या खासगीपेक्षा बरं कॉलेज दिसलं तर पैसे भरू नका. नुसता ओपनचा आकडा बघून घाबरू नका. तुमचा प्रवर्ग, होम युनिव्हर्सिटी, मुलगी असेल तर मुलींच्या जागा, टीएफडब्ल्यूएस म्हणजे फी-माफीच्या जागा, सगळ्या रांगा वेगळ्या असतात. पुण्याच्या सीओईपीचं, मुंबईच्या व्हीजेटीआयचं कॉम्प्युटर ९९च्याही खूप वर बंद होतं, ते ९३लाही नाही आणि ९६लाही नाही. तेवढ्यापुरता तरी हा वाद मिटला.

मुलाची_आई
हे बरं सांगितलंस. आजच बसते याद्या घेऊन. ह्यांना मात्र मी ९५ सांगून ठेवलेत.

मागचा_बाक
सर, ते अकरा प्रश्न. मी त्यातले चार धरले होते. तीन धरले तर ११८.

मग ११८ला किती पडतील?